फोनवरच्या ॲपची यादी कर्मचाऱ्यालाही दाखवा: कंपन्यांच्या आयटी आणि एचआर प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या कंपन्यांचे आयटी विभागप्रमुख आणि मनुष्यबळ अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

कंपन्यांचे मोबाइल फोन सांभाळणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. फोन एनरोल करायचे, म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरला जोडायचे, पॉलिसी, म्हणजे फोनने पाळायचे नियम, पाठवायची, कामाची ॲप बसवायची, हरवलेला फोन लांबून लॉक करायचा. ज्या कन्सोलवर, म्हणजे ॲडमिनच्या नियंत्रणाच्या पडद्यावर, हे सगळे चालते, तिथे प्रत्येक फोनच्या नावाखाली एक पान असते आणि त्यावर त्या फोनमधल्या ॲपची यादी असते. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे पान कधी उघडून पाहिलेले नसेल. काहींनी मात्र ते गरजेपेक्षा जास्त वेळा उघडलेले आहे. दोन्ही गोष्टी मला खटकतात, म्हणून हे पत्र.

आधी ही यादी हवीच कशाला, ते सांगतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ ॲपवर बंदी घातली. बातम्यांत गाजले ते टिकटॉक. आमच्या कामाच्या दृष्टीने त्या यादीतले महत्त्वाचे नाव होते कॅमस्कॅनर. विमा एजंट, बँकेची कर्जविभागातली मुले, साइटवरचे इंजिनिअर, सगळ्यांच्या फोनवर ते असायचे. ग्राहकाचे आधार, पॅन, सातबारा, चेकचा फोटो, सगळे त्यातून स्कॅन होऊन ऑफिसला जायचे. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने या ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीतल्या जाहिरातीच्या लायब्ररीत घातक कोड सापडल्याचे जाहीर केले होते आणि गूगलने ते काही काळ प्ले स्टोअरवरून काढलेही होते. म्हणजे धोक्याची सूचना आधीच मिळालेली होती. बंदीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या साहेबांचा प्रश्न एकच असणार: आपल्या किती फोनवर हे आहे? ज्यांच्याकडे यादी, त्यांना बसल्या जागी उत्तर देता येते. बाकीच्यांना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "कृपया सर्वांनी डिलीट करावे" असे लिहून वाट पाहत बसावे लागते.

यादीचा दुसरा उपयोग तर रोजचा आहे. "आरटीओ चलान" किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके, म्हणजे अँड्रॉइडचे ॲप बसवणाऱ्या, फाइली तुम्हालाही आल्या असतील. त्या प्ले स्टोअरवरून येत नाहीत, थेट फोनवर बसतात आणि एसएमएस वाचायला लागतात, म्हणजे ओटीपी त्यांच्या हातात. कंपनीचा फोन पूर्ण ताब्यातला असेल तर बाहेरची एपीके बसवणेच बंद ठेवता येते, आणि जुनी काही बसलेली असेल तर ती यादीत दिसते.

पण यादी एकटी फार काही सांगत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा, म्हणजे लांबून दुसऱ्याचा फोन चालवू देणाऱ्या ॲपचा, वापर करून यूपीआयवरून पैसे लाटण्याच्या प्रकाराबद्दल इशारा दिला होता. एनीडेस्क हे चांगलेच ॲप आहे, आमचे सपोर्ट इंजिनिअर ते दिवसभर वापरतात. तेच ॲप वसुलीला फिरणाऱ्या मुलाच्या फोनवर दिसले, तर कुणीतरी त्याला फोनवरून फसवून बसवायला लावले असण्याची शक्यता मोठी. नाव एकच, अर्थ वेगळा. तो समजायला माणसाशी बोलावे लागते, आणि बोलणे पहिल्यांदा काळजीचे हवे, चौकशीचे नको.

आता मुख्य मुद्दा. यादीत काय दिसते ते फोन कोणत्या पद्धतीने एनरोल केला आहे यावर ठरते, आणि हा निर्णय बहुतेक कंपन्यांत कुणी जाणूनबुजून घेतलेलाच नसतो. व्हेंडर येतो, त्याला सोपे वाटेल तसे करून जातो.

अँड्रॉइडवर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनसाठी वर्क प्रोफाइल असते. कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात बसतात, त्यांच्या चिन्हावर छोट्या ब्रीफकेसची खूण येते, आणि ॲडमिनला त्या कप्प्यातलेच दिसते. खासगी बाजूला काय आहे ते मला कन्सोलवरून कळूच शकत नाही, मी कितीही प्रयत्न केला तरी. उलट फोन कंपनीने विकत घेऊन निव्वळ कामासाठी दिला असेल, तर तो पूर्ण व्यवस्थापित ठेवता येतो आणि तिथे फोनवरचे सगळेच दिसते. मधली वाट म्हणजे कंपनीच्या मालकीचा फोन, पण त्यात खासगी वापराची मुभा. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, या प्रकारात खासगी बाजूची ॲप ॲडमिनला दिसत नाहीत. एखादे विशिष्ट ॲप खासगी बाजूला नको असेल तर त्याचे पॅकेज नाव, म्हणजे अँड्रॉइडमधले त्याचे तांत्रिक नाव, देऊन प्ले स्टोअरवर अडवता येते. म्हणजे कुणाकडे काय आहे हे न बघताही नको ते थांबवता येते. गूगलने हे फार विचाराने केले आहे असे मला वाटते, आणि आपल्याकडे ही सोय कंपन्या जेमतेम वापरतात याचे वाईट वाटते. त्याआधीच्या, म्हणजे अँड्रॉइड ८ ते १० च्या काळात याच मधल्या प्रकारात ॲडमिनला खासगी बाजूही दिसायची. तेव्हाचे फोन अजून वापरात असतील तर ते आधी तपासा.

आयफोनवर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनसाठी ॲपलने २०१९ मध्ये, आयओएस १३ पासून, यूजर एनरोलमेंट आणले. त्यात कंपनीने पाठवलेल्या ॲपचीच यादी मिळते. पण जुन्या पद्धतीने प्रोफाइल टाकून फोन एनरोल केला, तर फोन खासगी असला तरी त्याच्यावर बसलेल्या ॲपची यादी मागवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. मग ती मागवायची की नाही, हे कंपनीचे सॉफ्टवेअर आणि त्यातली सेटिंग ठरवते. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या फोन-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयफोन "पर्सनल" म्हणून नोंदवलेला असेल तर कंपनीने दिलेली ॲपच यादीत येतात, आणि "कॉर्पोरेट" म्हणून नोंदवला तर सगळी. एका ड्रॉपडाउनचा फरक. तो बदल कुणी, कधी आणि का केला, याची तुमच्याकडे लेखी नोंद आहे का?

कर्मचाऱ्याला हे ओळखण्याची एक साधी खूण आहे, आणि ती तुम्हीच त्याला सांगावी. वर्क प्रोफाइलसाठी फोन पुसावा लागत नाही. पूर्ण ताब्यासाठी मात्र फोन फॅक्टरी रीसेट करून, सुरुवातीच्या स्वागताच्या पडद्यावर सहा वेळा टॅप करून क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. कुणी माणसाचा स्वतःचा फोन हातात घेऊन "रीसेट करून देतो, पाच मिनिटे लागतील" म्हणाला, तर त्या क्षणी थांबून विचारायला हवे. कर्मचाऱ्याने विचारायला हवे, आणि त्याच्या आधी तुम्ही.

एक जुना प्रकारही अजून भेटतो: डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे एखाद्या ॲपला फोनवर ताबा देणारी अँड्रॉइडची जुनी परवानगी. गूगलने अँड्रॉइड ९ पासून तो मोडीत काढायला घेतला, अँड्रॉइड १० मध्ये त्यातले बरेच अधिकार काढून टाकले, आणि इंट्यूनने गूगलच्या सेवा असलेल्या फोनसाठी त्याचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवला. त्यात काम आणि खासगी असा कप्पाच नसतो. काही स्वस्त ट्रॅकिंग ॲप आजही त्याच परवानगीवर चालतात. सेल्सच्या मुलांच्या स्वतःच्या फोनवर ती बसवलेली दिसतात तेव्हा मी तरी त्याला व्यवस्थापन म्हणत नाही.

आता यादी वाचण्याबद्दल. ती ताजी असते असे गृहीत धरू नका. इंट्यूनमधली सापडलेल्या ॲपची यादी साधारण सात दिवसांनी नव्याने भरते. माणसाने सोमवारी काढून टाकलेले ॲप तुम्हाला शुक्रवारीही दिसू शकते. त्यावरून मेमो काढला तर तो चुकीच्या माणसाला, चुकीच्या दिवशी जाईल. शिवाय फोन कारखान्यातून येतानाच त्यात किती ॲप भरलेली असतात ते तुम्हीही पाहता. कंपनीने सेटअपच्या वेळी सिस्टिम ॲप चालू ठेवली असतील तर फेसबुकपासून गेमपर्यंत नावे यादीत येतात, आणि बिचाऱ्या कर्मचाऱ्याला ती काढताही येत नाहीत. आयफोनवर आणखी एक मर्यादा आहे. माणसाने स्वतः ॲप स्टोअरवरून घेतलेले ॲप मला लांबून काढताच येत नाही. कंपनीने पाठवलेलेच काढता येते. "रिमूव्ह का नाही करत?" असे विचारणाऱ्या साहेबांना हे प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते.

या यादीत माझ्या मते सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित रकाना आहे आवृत्तीचा. कोणते ॲप आहे यापेक्षा ते किती जुने आहे, यात धोका जास्त असतो. मॅनेज्ड गूगल प्लेमध्ये, म्हणजे प्ले स्टोअरच्या कंपन्यांसाठीच्या रूपात, ॲप आपोआप अपडेट व्हायला साधारणपणे तीन अटी लागतात: फोन डेटाची मोजणी न होणाऱ्या नेटवर्कवर, म्हणजे बहुधा वाय-फायवर, असावा, चार्जिंगला असावा, आणि वापरात नसावा. हिंजवडीतल्या ऑफिसात बसणाऱ्याच्या फोनला या तिन्ही अटी रोज जमतात. पण गडचिरोलीत औषधांच्या दुकानांतून फिरणारा एमआर, नाशिकच्या द्राक्षबागांत जाणारा खत कंपनीचा प्रतिनिधी, मायक्रोफायनान्सची गटांच्या बैठकांना फिरणारी ताई, यांच्या घरी वाय-फाय नसते. डेटा सगळा सिमवरचा. त्यांची ॲप महिनोन् महिने जुन्याच आवृत्तीवर राहतात. यात त्यांचा काडीचाही दोष नाही, पॉलिसी त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली नाही. कामाच्या ॲपसाठी तातडीच्या अपडेटची सेटिंग असते. ती चालू केली की नवी आवृत्ती आल्यावर अटींची वाट न बघता अपडेट लागतो. मग डेटाचा खर्च कंपनीने द्यावा, त्यांच्या रिचार्जमधून जाऊ देऊ नये. आणि अपडेट कामाच्या मधोमध लागले तर गटाची बैठक खोळंबते, म्हणून आधी थोड्या फोनवर लावून बघावे. यादीचा असा वापर होताना दिसला तर कर्मचाऱ्यालाही ती आपल्याविरुद्ध आहे असे वाटणार नाही.

आता जे सांगताना मला सर्वांत जड जाते ते. मी पाहिले आहे की यादीची मागणी सुरक्षेच्या बाजूने कमी आणि माणसे जोखण्याच्या बाजूने जास्त येते. एका कंपनीतून मला विचारणा झाली होती की टीममधल्या कुणाकुणाच्या फोनवर नोकरी शोधण्याची ॲप आहेत ते काढून द्या. अप्रेझलच्या आधी. मी दिली नाही. पण माझ्या जागी बसलेल्या प्रत्येकाला नाही म्हणता येईलच असे नाही. त्याचीही नोकरी असते.

जरा विचार करा, त्या यादीतून काय काय कळते. नोकरी शोधतो आहे हे कळते. पाळीची नोंद ठेवणारे ॲप असले आणि मग ते बदलून गरोदरपणाचे आले, तर घरी सांगायच्या आधी ऑफिसला कळते. मधुमेहाचे, नैराश्यावरच्या समुपदेशनाचे, लग्न जुळवण्याचे, डेटिंगचे, एखाद्या धर्माच्या प्रार्थनेचे, एखाद्या पक्षाचे, कर्ज देणारी तीन-चार ॲप. एक शब्दही न वाचता, एकही मेसेज न उघडता माणूस समोर उभा राहतो. म्हणूनच गूगल प्लेच्या नियमांत फोनवरच्या ॲपची यादी ही वैयक्तिक आणि संवेदनशील माहिती धरली आहे आणि अँड्रॉइड ११ पासून साध्या ॲपला ती सहजासहजी मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या मार्गदर्शक सूचनांत कर्ज देणाऱ्या ॲपना ग्राहकाच्या फोनमधल्या फाइली, संपर्कयादी, कॉल लॉग यांना हात लावायला मनाई केली. पैसे उसने देणाऱ्याला जे बघायची परवानगी नाही, तशा प्रकारची माहिती पगार देणाऱ्याने सहज बघावी, हे मला पटत नाही.

कायद्याचे बोलायचे तर गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तुमचे वकील तुम्हाला कलम ७ दाखवतील, त्यात नोकरीच्या कारणासाठी, कंपनीचे नुकसान किंवा व्यापारी गुपितांची चोरी टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा आहे. ती आहे, मी नाकारत नाही. पण अप्रेझलच्या आधी कोण नोकरी शोधतो हे बघणे त्या मुभेत बसते असे कुणी मला सांगितले, तर मी ते मान्य करणार नाही. आणि याच कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यायचा आहे. त्यात मराठी आहे. संमती लागत नाही म्हणून सूचनाही द्यायची नाही, असा अर्थ कृपया काढू नका.

तुमच्याकडे माझे मागणे असे. एनरोल करण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याला एक पान द्या, मराठीत, साध्या भाषेत. त्यावर लिहा: हा फोन कुणाच्या मालकीचा, कोणत्या पद्धतीने एनरोल केला, आम्हाला यातली कोणती ॲप दिसतात आणि कोणती दिसत नाहीत, यादी किती दिवसांनी भरते, किती दिवस ठेवतो, कोण बघू शकते, आणि तुम्ही नोकरी सोडलीत तर काय पुसले जाईल. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. वर्क प्रोफाइल काढले की तेवढा कप्पा जातो, मुलाबाळांचे फोटो राहतात. पूर्ण व्यवस्थापित फोन पुसला की सगळेच जाते. राजीनाम्याच्या दिवशी हे कळणे फार उशिराचे आहे.

त्याच फोनची यादी त्या कर्मचाऱ्यालाही बघता येऊ द्या. कंपनीच्या कर्मचारी ॲपमध्ये किंवा पोर्टलवर याची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर महिन्यातून एकदा मेल पाठवा. आपल्यालाही ती दिसते म्हटल्यावर कर्मचाऱ्याच्या मनातली भीती निम्मी कमी होते. शिवाय "हे तर फोनबरोबरच आले होते" किंवा "हे मी बसवलेलेच नाही" असे तोच पहिल्यांदा सांगेल, आणि घातक एपीके तुमच्या आधी त्याच्या नजरेस पडेल.

यादी बघण्याचा अधिकार सुरक्षेचे काम करणाऱ्या एक-दोन जणांपुरता ठेवा. एचआरला आणि टीम लीडला तो नको, हे मी एचआरच्या मंडळींनाच सांगतो आहे, आणि त्यांनी स्वतःहून "आम्हाला नको" म्हणावे अशी माझी विनंती आहे. एखाद्या घटनेच्या चौकशीत गरज पडलीच, तर लेखी मागणी, कारण आणि तारीख, एवढे करून ती द्यावी. तुमच्या कन्सोलमध्ये कुणी काय उघडले याची नोंद राहत असेल, तर ती दर तिमाहीत कुणीतरी तिसऱ्याने बघावी.

स्वतःच्या फोनवर काम करणाऱ्यांच्या बाबतीत पूर्ण ताबा कधीच घेऊ नका. वर्क प्रोफाइल किंवा यूजर एनरोलमेंट, याशिवाय तिसरे काही नाही. तुमच्या कामाला त्याहून जास्त हवे असेल, तर फोन विकत घेऊन द्या. ग्राहकाची माहिती ज्या फोनवर असते त्याचा खर्च कंपनीने उचलणे हे काही उपकार नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना चॅटजीपीटी, डीपसीक अशी साधने कार्यालयीन उपकरणांवर वापरू नका असे सांगितले. ती सूचना कार्यालयाच्या उपकरणांपुरती होती, ही सीमा मला रास्त वाटते. खासगी कंपन्यांनीही तीच पाळावी.

आणि कर्मचाऱ्यांना तपासायला शिकवा. अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या शोधाच्या चौकोनात "डिव्हाइस ॲडमिन" टाइप करून कोणत्या ॲपला तो अधिकार दिला आहे ते बघायचे. फोन पूर्ण ताब्यात असेल तर लॉक स्क्रीनवर तो तुमच्या संस्थेचा असल्याची ओळ असते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये जनरलखाली व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट उघडायचे, आणि फोन सुपरवाइज्ड, म्हणजे संस्थेच्या जास्त कडक ताब्यात, असेल तर सेटिंग्जच्या अगदी वरच तसे लिहिलेले दिसते. इंडक्शनच्या दिवशी प्रोजेक्टरवर एकदा दाखवले की झाले, दहा मिनिटांचे काम आहे.

येत्या आठवड्यात तुमच्या कन्सोलवर जा आणि एकच गोष्ट तपासा: "कॉर्पोरेट" म्हणून नोंदवलेल्या फोनपैकी किती कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेले आहेत. खरेदीच्या बिलांशी ताडून बघा. जे निघतील ते परत "पर्सनल" करा. ज्यांचा पूर्ण ताबा घेतला आहे ते फोन माणसाला आधी सांगून, त्याला बॅकअप घ्यायला वेळ देऊन सोडा आणि वर्क प्रोफाइलवर आणा. त्या फोनच्या आजवर जमा झालेल्या याद्या पुसून टाका, आणि पुसल्याचे त्या माणसाला लेखी कळवा.

आपला,
मोबाइल व्यवस्थापनाचे काम करणारा एक ॲडमिन
पुणे